चोवीस फळ्यांचे गणित

12 ऑक्टोबर 1817 रोजी मुंबईच्या गोदीतून 'ट्रिंकोमाली' ही फ्रिगेट पाण्यात उतरली. जमशेटजी बमनजी वाडिया तिचे मुख्य बांधणीकार. मलबारी सागाची ही युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर आहे. तिच्या नकाशांची गोष्ट प्रसिद्ध आहे. पहिली प्रत घेऊन निघालेले 'जावा' हे जहाज डिसेंबर 1812 मध्ये अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने जिंकले. मग दुसरी प्रत पाठवावी लागली. काही वर्षांपूर्वी या विषयावर टिपण करताना मी लिहून गेलो होतो, 'डोके लंडनचे, हात मुंबईचे.' वाक्य टाळीचे होते. ते चूक होते, हे मला कुठल्या दप्तरात कळले नाही. घरच्या टेबलावर कळले.

झाले असे, की त्याच काळातल्या एका ब्रिटिश फ्रिगेटच्या लाकडी प्रतिकृतीचा संच मी मागवला. पेटीत प्लायवूडचा कणा होता. आपल्याकडचे होडी बांधणारे ज्याला पठाण म्हणतात तो. त्यात आडवे बसवायचे छेद, म्हणजे जहाजाच्या बरगड्या. आणि लिंडनच्या लाकडाच्या पट्ट्यांची जुडी : रुंदी 5 मिलिमीटर, जाडी दीड. त्यांवर बसवायला अक्रोडाच्या आणखी पातळ पट्ट्या. सूचनापत्रात या कामाला जेमतेम दोन ओळी होत्या.

मी वरच्या कडेपासून पट्टीखाली पट्टी चिकटवत गेलो. मधल्या भागात छान बसल्या. पुढच्या नाळेजवळ मात्र दाटी झाली. पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढू लागल्या. मागे उलट, तळाशी फटी पडल्या. लांबी भरून, घासून मी ते झाकले. पावसाळ्यात केलेले काम मार्गशीर्षात उकलले. जवळजवळ प्रत्येक सांध्यात केसाएवढी भेग. सगळे उचकटले आणि मुळापासून शिकायला बसलो.

घेराचे गणित

पहिली गोष्ट अशी, की जहाजाचा घेर सगळीकडे सारखा नसतो. दोरा घेऊन प्रत्येक बरगडीवर वरच्या कडेपासून कण्यापर्यंत मोजावे. माझ्या सांगाड्यात मध्यभागी हे अंतर 120 मिलिमीटर भरले, नाळेशी 72 आणि मागच्या टोकाला 132. मध्यभागी 5 मिलिमीटरच्या 24 पट्ट्या लागतात. त्याच 24 पट्ट्या नाळेशी 72 मिलिमीटरमध्ये मावायच्या, तर प्रत्येकीला तिथे 3 मिलिमीटरच जागा. म्हणजे पट्टी मध्यापासून पुढे हळूहळू निमुळती तासायला हवी. मागे 24 पट्ट्या 120 मिलिमीटरच झाकतात. उरलेल्या 12 मिलिमीटरसाठी दोन पट्ट्यांच्या मध्ये पाचरीसारखे जादा तुकडे घालावे लागतात.

तासण्यालाही मर्यादा आहे. पट्टीचे टोक मूळ रुंदीच्या निम्म्याहून कमी करू नये, असा संकेत आहे. खऱ्या जहाजात त्याचे कारण उघड आहे : अरुंद टोकात खिळे ठोकले की लाकूड चिरते. घेर त्याहूनही घटत असेल, तर दोन फळ्या नाळेपूर्वीच थांबवून त्यांच्या पुढे एकच फळी चालवतात.

हे गणित आपल्या घरोघरच्या शिंप्याला ठाऊक असते. सपाट कापडाचे ब्लाउज अंगावर बसवायचे तर टक्स घ्यावे लागतात. जर्मन गणिती गाऊस याने 1827 साली दाखवून दिले, की दोन्ही दिशांनी वाकलेला पृष्ठभाग ताणल्या-दुमडल्याशिवाय सपाट करता येत नाही. शिंपी ती तूट टक्समध्ये लपवतो, सुतार फळीच्या निमुळतेपणात.

लाकडाची ओढ

दुसरी गोष्ट लाकडाच्या स्वभावाची. पट्टी चपट्या अंगाने सहज वाकते. कडेच्या अंगाने वाकवायला गेलो, तर 5 बाय दीडची पट्टी सुमारे 11 पट विरोध करते. जबरदस्ती केली की तिची एक कड उचलली जाते. माझी 'कौले' अशीच तयार झाली होती. म्हणून आधी पट्टी सांगाड्यावर नुसती टेकवावी आणि ती आपणहून कुठे जाते ते पाहावे. तिची वाट आणि आपल्याला हवी असलेली वाट यांतला फरक पेन्सिलीने खुणावून कापावा.

त्याआधी बरगड्यांच्या कडा तिरक्या घासून घ्यायच्या. नाळेकडे पृष्ठभाग झपाट्याने आत वळतो. कड चौकोनी राहिली तर पट्टी फक्त तिच्या टोकावर टेकते आणि तिथे उंचवटा येतो.

वाकवण्याचे काम मुख्यतः उष्णतेचे. लाकडाचे तंतू बांधून ठेवणारे लिग्निन तापले की मऊ होते आणि थंड होताना नव्या आकारात घट्ट होते. पाणी त्याला मदत करते. पण ओली पट्टी फुगलेली असते. ती तशीच चिकटवली, तर वाळताना रुंदीत आकसते. लांबीत जवळजवळ नाही. माझ्या मार्गशीर्षातल्या भेगांचे उत्तर इथे होते. पट्टी भिजवावी, तापवून वाकवावी, पिना लावून जागेवर वाळू द्यावी आणि मगच सरस लावावा.

एक पट्टी डावीकडे लावली, की पुढची उजवीकडे. एकच बाजू पुरी करत गेले, तर पातळ कणा त्या बाजूला ओढला जातो. आणि वाकडा झालेला कणा नंतर सरळ होत नाही.

नकाशात नसलेले

आता पुन्हा मुंबईच्या गोदीकडे. अशा जहाजाच्या रेषाचित्रात तीन दृश्ये असतात : बाजूने, वरून आणि समोरून. त्यांतून आकार अचूक कळतो. पण कोणती फळी किती निमुळती करायची, पाचर कुठे घालायची, हे त्या रेषांत नसते. ते आलेल्या लाकडाकडे पाहून गोदीतच ठरवावे लागते. शिवाय खऱ्या जहाजाची फळी नाळेपासून शेवटापर्यंत अखंड नसते. 24 फुटांची फळी धरली, तर 1:64 या प्रमाणात ती साडेअकरा सेंटिमीटर होते. अशा फळ्या टोकाला टोक जोडून पुढे न्यायच्या. आणि दोन सांधे एकाच बरगडीवर जवळजवळ आले तर ती जागा दुबळी होते, म्हणून मध्ये काही अखंड फळ्या जाऊ द्यायच्या. माझ्याकडे चिमूटभर जाडीची पट्टी होती, बिघडली तर दुसरी घेता येत होती. त्यांच्यापुढे दूरवरून आणलेला, काही इंच जाडीचा साग होता.

दुसरी प्रतिकृती पुरी व्हायला मला चौदा महिने लागले. नाळेजवळ हात फिरवला, तर उजवीकडे सांधा लागत नाही. डावीकडे दोन ठिकाणी अजून लागतो. ते मी तसेच ठेवले आहेत.

वाडियांचे नाव इतिहासात राहिले, आणि ते योग्यच आहे. पण 'ट्रिंकोमाली'च्या अंगावरच्या प्रत्येक फळीमागे कुणीतरी घेर मोजला होता, भागाकार केला होता, लाकडाची ओढ ओळखली होती. त्या सुतारांची नावे माझ्या टिपणात नव्हती. त्यांचे डोकेही मी त्यात ठेवले नव्हते. नावे मला देता येणार नाहीत. ते वाक्य मात्र मी मागे घेतो.