बॅटरी खचते उन्हाळ्यात, दगा देते हिवाळ्यात

थंडीच्या पहाटे किल्ली फिरवावी आणि इंजिनाऐवजी नुसती 'टिक-टिक' ऐकू यावी, हा अनुभव शिरपूरच्या वाहनधारकांना नवा नाही. दोष थंडीला दिला जातो. खरा घाव मात्र आधीच्या एप्रिल-मे महिन्यांनी घातलेला असतो.

मोटारीची बॅटरी म्हणजे शिशाच्या पट्ट्या आणि पाणी मिसळलेले गंधकाम्ल. १८५९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लाँते यांनी शोधलेली ही रचना मुळात आजही तीच आहे. तापमान १० अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. खानदेशात पारा ४३-४४ अंशांवर जातो, तेव्हा बॉनेटखाली तो आणखी चढतो. बॅटरीतले पाणी उडते, आतल्या पट्ट्या झपाट्याने गंजतात. उन्हाळ्यात इंजिन सहज फिरते, म्हणून हे नुकसान झाकलेले राहते. थंडीत रासायनिक क्रिया मंदावते, इंजिनातले ऑइल घट्ट होते आणि नेमका तेव्हाच जास्त विद्युतप्रवाह लागतो. खचलेली बॅटरी तिथे उघडी पडते.

गाडी सुरू झाली नाही की आधी कान आणि डोळे वापरावेत. दिवे लावून किल्ली फिरवा. दिवे मंदावले आणि भरभर टिक-टिक झाली, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल ढिले आहे. दिवे प्रखरच राहिले आणि एकच खटका वाजला, तर सेल्फमध्ये बिघाड असण्याची शक्यता जास्त. सेल्फ नेहमीसारखा फिरतो पण इंजिन पेटत नाही, तेव्हा दोष बहुधा इंधनात किंवा ठिणगीत असतो. उगाच नवी बॅटरी घेऊ नये. 'दिवे लागतात, म्हणजे बॅटरी ठीक आहे' हा समजही फसवा आहे. पुढच्या दोन दिव्यांना दहाएक अँपिअर पुरतात, सेल्फला शंभराहून अधिक लागतात.

साध्या मल्टिमीटरने पुष्कळ कळते. रात्रभर उभ्या गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. तेवढे नसतील तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तपासून घ्यावा, कारण तो दोष राहिला तर नवी बॅटरीही उतरेल.

टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवट पूड प्रवाह अडवते. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून, जुन्या ब्रशने घासून ती काढता येते. केबल काढताना आधी ऋण, जोडताना आधी धन, हा क्रम पाळावा. पाणी भरायची सोय असलेल्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. बोअरच्या पाण्यातले क्षार पट्ट्या खराब करतात.

बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले तरी एक ठिणगी स्फोटाला पुरते. म्हणून बॅटरीजवळ विडी-काडी नको आणि टर्मिनलला पाना टेकवून 'करंट पाहणे' तर नकोच. दुसऱ्या गाडीवरून जोड घेताना लाल केबल आधी बंद गाडीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला लावावी. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि शेवटी बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. महामार्गावर मदतीला बहुतेकदा ट्रकच थांबतो. पण मोठ्या ट्रकची व्यवस्था २४ व्होल्टची असते. तिची जोड घेतल्यास मोटारीतले इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात आणि बॅटरीही फुटू शकते.

आम्ल डोळ्यांत उडाले तर चोळू नये, सोडा घालू नये. वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान १५-२० मिनिटे डोळा धुवत राहावे आणि लगेच दवाखाना गाठावा. फ्यूज उडाला तर त्याजागी तार गुंडाळू नये. फ्यूज उडतो तो गाडी वाचवण्यासाठी. तार लावली की वायरिंग तापून पेटू शकते.

शिरपूर सोडून आग्र्याच्या दिशेने निघाले की पुढे बिजासनीचा घाट आहे. तिथे रात्री गाडी बंद पडली, तर कुटुंबासह अवजड वाहनांच्या वाटेत अडकून पडण्याची वेळ येते. बॅटरी तीन वर्षांची झाली असेल तर पावसाळा सरताच तिची भारावरची चाचणी करून घ्यावी. जवळच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे हे काम काही मिनिटांत होते.