गोठणगावचे तिबेटी आणि दोन महासत्ता

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेस, अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरणाच्या परिसरात गोठणगाव वसले आहे. भोवताली धानाच्या बांध्या आणि पलीकडे जंगल. प्रतापगडच्या महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी या वाटेने जाणाऱ्या भाविकाला येथेच नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत दिसते, आणि वाऱ्यावर फडफडणाऱ्या प्रार्थनापताका पाहून तो क्षणभर थबकतो. हिवाळ्यात शहरातील पदपथांवर लोकरीचे कपडे विकणारे तिबेटी आपल्या परिचयाचे असतात. परंतु त्यांच्यापैकी काहींचे घर आपल्याच जिल्ह्यात आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

ही वसाहत १९७२ साली स्थापन झाली. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्याचा भाग होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. त्याच १९७२च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन पेकिंगला गेले आणि माओ त्से-तुंग यांच्याशी त्यांनी हस्तांदोलन केले. या दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध नाही. तथापि त्या शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे बड्या राष्ट्रांच्या स्पर्धेत लहान समाजांचे काय होते, हे लख्ख दिसते.

मार्च १९५९मध्ये दलाई लामांनी ल्हासा सोडले आणि हजारो तिबेटी त्यांच्यामागोमाग भारतात आले. त्या काळात अमेरिकेला तिबेटचा मोठा कळवळा होता. तिच्या गुप्तहेर यंत्रणेने कोलोरॅडोच्या डोंगरात तिबेटी तरुणांना शस्त्रास्त्रांचे शिक्षण दिले आणि नेपाळच्या मुस्तांग भागातील त्यांच्या तळाला पैसा पुरवला. साम्यवादी चीनला सतावणे हा त्यामागचा हेतू होता. तिबेटचे स्वातंत्र्य ही त्याची शोभिवंत बाजू होती. पुढे रशियाला शह देण्यासाठी चीनशी मैत्री अमेरिकेला अधिक मोलाची वाटू लागली. जुलै १९७१मध्ये हेन्री किसिंजर पाकिस्तानमार्गे गुप्तपणे पेकिंगला जाऊन आले. मुस्तांगच्या लढवय्यांकडील मदतीचा ओघ आटत गेला आणि १९७४ साली खुद्द दलाई लामांना ध्वनिमुद्रित संदेश पाठवून त्यांना शस्त्रे खाली ठेवण्यास सांगावे लागले. पटावरील प्यादे निरुपयोगी ठरले, इतकाच त्याचा अर्थ!

आज पट तोच आहे, परंतु खेळाडूंचे बळ बदलले आहे. निक्सन यांनी ज्या चीनला जगाच्या दरबारात आणून बसवले, त्याने २०१०मध्ये जपानला मागे टाकून जगातील दुसऱ्या क्रमांकाची अर्थव्यवस्था होण्याचा मान मिळवला. २०१३पासून त्याने रस्ते, बंदरे आणि कर्जे यांचे जाळे आशिया-आफ्रिकेत पसरवले. क्रांतीच्या शताब्दीपर्यंत, म्हणजे २०४९पर्यंत, बलाढ्य आधुनिक राष्ट्र होण्याचे त्याचे ध्येय जाहीर आहे. साहजिकच अमेरिकेला तिबेटची पुन्हा आठवण झाली. डिसेंबर २०२०मध्ये आणि पुन्हा जुलै २०२४मध्ये तिबेटविषयक कायदे तेथे संमत झाले. परंतु २०२५च्या जानेवारीत नव्या राजवटीने परकीय मदत रोखली, तेव्हा तिबेटी निर्वासितांच्या योजनाही त्या तडाख्यात सापडल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेने चिनी मालावरील जकात १४५ टक्क्यांपर्यंत चढवली. चीनने १२५ टक्के जकातीने उत्तर दिले आणि दुर्मिळ खनिजांच्या निर्यातीची दोरी आवळली. ऑक्टोबरअखेर दोन्ही अध्यक्ष दक्षिण कोरियात भेटले आणि तडजोड झाली. उद्या असाच मोठा सौदा ठरला, तर तिबेट कोणत्या पारड्यात पडेल? १९७२ आठवणाऱ्याला हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

चीनची बाजूही नीट समजून घेतली पाहिजे. तिबेट हा आपला अंतर्गत प्रश्न असून आपण तेथील जुनी सरंजामशाही मोडली आणि २००६मध्ये ल्हासापर्यंत आगगाडी नेली, असे तो सांगतो. आगगाडी खरी आहे. परंतु जुलै २०२५मध्ये नव्वदी गाठणाऱ्या दलाई लामांनी आपल्या वारसाचा शोध आपल्या संस्थेकडेच राहील असे म्हणताच बीजिंगने सरकारी मान्यतेचा आग्रह धरला. ईश्वर न मानणाऱ्या सत्तेने एका भिक्षूचा पुनर्जन्म ठरवण्याचा हक्क सांगावा, यातच तिचे भय उघड होते. शस्त्रांनी प्रदेश जिंकता येतो. मने जिंकायला सात दशकेही अपुरी पडतात.

आणि आपण? आपलेही हात अगदी निर्मळ नाहीत. १९५४च्या करारात आपण ‘चीनचा तिबेट प्रदेश’ हे शब्द स्वीकारले आणि २००३मध्ये त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब केले. १९६२च्या युद्धानंतर तिबेटी जवानांचे विशेष दल आपण उभारले आणि १९७१मध्ये चितगावच्या डोंगरांत त्यांचे रक्तही सांडले. गलवानच्या २०२०मधील संघर्षानंतर ‘तिबेटचे पत्ते’ खेळावेत, असा सल्ला देणारे पुष्कळ निघाले. वस्तुतः माणसांना पत्ते समजण्याची हीच ती खोड आहे, जिच्याबद्दल आपण इतरांना दोष देतो.

पत्ते खेळण्यापेक्षा आपले कर्तव्य अधिक साधे आहे. केंद्र सरकारने २०१४मध्ये तिबेटी पुनर्वसन धोरण जाहीर केले आणि त्यात वसाहतींच्या जमिनीसाठी वीस वर्षांच्या भाडेपट्ट्याची तरतूद केली. असे धोरण कागदावरून बांधावर येते ते राज्य शासनाच्या आणि तालुक्याच्या कचेरीतून. ज्या कुटुंबाला पायाखालच्या जमिनीची शाश्वती नाही, त्याच्या मुलांनी परदेशाची वाट धरली तर त्यांना कोण दोष देईल? दुसरीकडे, यार्लुंग त्सांगपो नदीवर चीनने जुलै २०२५मध्ये प्रचंड जलविद्युत प्रकल्पास आरंभ केला आहे. हीच नदी पुढे आपली ब्रह्मपुत्रा होते. त्याविषयी चीनशी स्पष्ट भाषेत बोलण्याचा आपला हक्क स्वतःच्या हितावर उभा आहे. त्यासाठी अमेरिकेच्या खांद्याची गरज नाही.

महासत्तांचा कळवळा वैराबरोबर वाढतो आणि मैत्रीबरोबर आटतो. शेजारधर्माचे तसे नसते. पन्नासाहून अधिक वर्षे आपल्याच पावसाची वाट पाहत धान पिकवणाऱ्या या पाहुण्यांचे भवितव्य वॉशिंग्टन किंवा बीजिंग काय ठरवील ते ठरवो. गोठणगावात त्यांना निर्धास्तपणे राहता यावे, हे मात्र आपल्या हाती आहे.