क्लच न दाबता गिअर : किती जमते, किती परवडते

आजच्या तिजारतीत गाडी ही चैनीची चीज राहिलेली नाही. कापडवाला असो, शिंपी असो, फर्निचरचा कारागीर असो की फळांचा व्यापारी, माल आणणे आणि पोहोचविणे हे सारे गाडीवर अवलंबून आहे. आपल्या लोकांकडे जुनी ओम्नी, ईको, छोटा हत्ती अशाच गाड्या जास्त, आणि त्या बहुतेक क्लच-गिअरच्या. या गाड्या चालविणाऱ्या तरुणांत एक गोष्ट मोठ्या हौसेने सांगितली जाते. खरा ड्रायव्हर तो, जो क्लच न दाबता गिअर बदलतो! ही गोष्ट खरी आहे काय, आणि खरी असेल तर तिची किंमत कोण भरतो, हे येथे पाहायचे आहे. मी कापडाचा व्यापारी आहे, मिस्त्री नाही. पण या धड्याची फी मी स्वतः भरलेली आहे.

ऑगस्ट २०११. रमजानचे दिवस होते. ईदचा माल घेऊन मी आणि माझा पुतण्या भिवंडीहून विचुंब्याला परत येत होतो. ओम्नी छतापर्यंत भरलेली. मुंब्रा बायपासचा चढ पार झाला, शिळफाटा मागे पडला, आणि तळोज्याच्या अलीकडे पुतण्याने क्लच दाबला तो पायदान सरळ फरशीला टेकले. वर आलेच नाही. क्लचची केबल तुटली होती. दोघांचा रोजा, वरून पाऊस, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक माल मागणार. गाडी कशीबशी कडेला घेतली. गॅरेजवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "आज माणूस नाही, उद्या बघू."

रस्त्याच्या कडेला पंक्चरच्या दुकानात एक वयस्क ट्रकचालक टायर काढून बसला होता. त्याने हकीकत ऐकली आणि हसला. म्हणाला, "शेठ, केबल तुटली आहे, इंजिन तर चालू आहे ना? मग घरी का जात नाही?" नंतर त्याने पुतण्याला दहा मिनिटे समजावून सांगितले. आम्ही मगरिबच्या थोडे आधी विचुंब्याला पोहोचलो. वाटेत एकदाही क्लच लागला नाही, कारण तो नव्हताच.

हे कसे होते ते समजण्यासाठी आधी क्लच म्हणजे काय ते पाहू. आपल्या शिंपी बंधूंना हे चटकन कळेल. बॉबिन भरताना मशीनच्या चाकामधला गोल नट आपण सैल करतो. चाक फिरत राहते, पण सुई जागेवर थांबते. नट आवळला की चाक आणि सुई पुन्हा एक. मोटारीतला क्लच याच कामाचा आहे. इंजिन फिरत राहते, आणि पायदान दाबले की इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा संबंध तेवढा वेळ तुटतो. कारखान्यातल्या जुन्या शिलाई मशीनच्या मोटारीचे तर नावच क्लच मोटार. फरक एवढाच, की तेथे पाय दाबला की संबंध जुळतो आणि गाडीत पाय दाबला की तुटतो.

आता गिअरबॉक्स. पुष्कळांना वाटते की गिअर टाकला म्हणजे आत एक दातेरी चाक सरकून दुसऱ्यात घुसते. आजच्या गाड्यांत पुढच्या गिअरांचे तसे नसते. त्यांच्या जोड्या कायम एकमेकींत गुंतलेल्याच असतात आणि फिरत असतात. आपण दांडा हलवितो तेव्हा एक दातेरी कडे सरकते आणि त्यातले एक चाक दांड्याला, म्हणजे शाफ्टला, पक्के जखडते. अडचण अशी की ते चाक एका वेगाने फिरत असते आणि शाफ्ट दुसऱ्या वेगाने. दोन्ही वेग एक झाल्याशिवाय कडे आत जाणार नाही. जबरदस्ती केली तर कर्रर्र असा आवाज होईल. हे वेग जुळवायचे काम एक पितळी रिंग करते. तिला मिस्त्री लोक सिंक्रो रिंग म्हणतात. ती चाकाच्या उतरत्या तोंडावर घासून त्याला शाफ्टच्या वेगावर आणते, आणि मग कडे आवाज न करता आत जाते.

येथेच सारी मेख आहे. क्लच दाबलेला असेल तर त्या रिंगला फक्त क्लचप्लेट आणि गिअरबॉक्सचा आतला शाफ्ट, एवढ्याच हलक्या वस्तूंचा वेग बदलावा लागतो. क्लच न दाबता दांडा ढकलला तर त्या बिचाऱ्या रिंगच्या मागे अख्खे इंजिन आणि त्याचे जड फ्लायव्हील लागलेले असते. रिंग पाच किलोच्या तराजूसारखी, आणि आपण तिच्यावर कापडाची गाठ ठेवतो! म्हणून क्लच नसेल तेव्हा वेग जुळवायचे काम रिंगने नव्हे, तर चालकाने अ‍ॅक्सिलेटरने करायचे असते.

ट्रकचालकाने पुतण्याला जे सांगितले ते असे. पहिली पायरी गिअर काढण्याची. गाडी ओढत असताना दात एकमेकांवर दाबलेले असतात, तेव्हा गिअर निघत नाही. अ‍ॅक्सिलेटर हळूहळू सोडत जा. एक क्षण असा येतो की इंजिन गाडीला ओढतही नाही आणि अडवीतही नाही. त्या क्षणी दोन बोटांनी दांडा न्यूट्रलमध्ये येतो. हात घट्ट करावा लागला तर समजा क्षण चुकला.

दुसरी पायरी पुढचा गिअर टाकण्याची. हिशोबासाठी समजा, तिसऱ्या गिअरमध्ये चाकांकडे जाणारा शाफ्ट एक फेरा घेतो तेव्हा इंजिन दीड फेरा घेते, आणि चौथ्यात एकास एक. तिसऱ्यात इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर शाफ्ट २००० घेतो आहे. म्हणजे चौथा टाकायचा तर इंजिन २००० वर आले पाहिजे. न्यूट्रलमध्ये पाय सोडला की ते आपोआप उतरू लागते. दांडा चौथ्याच्या तोंडाशी नुसता टेकवून ठेवायचा. वेग जुळला की तो स्वतःच आत ओढला जातो. खाली उतरताना हिशोब उलटा. चौथ्यात २००० असेल तर तिसऱ्यासाठी ३००० हवेत, आणि इंजिन आपोआप कधी चढत नाही. म्हणून न्यूट्रलमध्ये अ‍ॅक्सिलेटरचा एक नेमका ठोका द्यायचा आणि मग दांडा टेकवायचा. वर जाणे सोपे, खाली येणे कठीण. पुतण्याचे खाली येताना तीन वेळा तरी दात वाजले.

राहिला प्रश्न थांबण्याचा आणि निघण्याचा. थांबण्यापूर्वी गिअर काढून न्यूट्रल करायचे आणि ब्रेकने थांबायचे. निघताना इंजिन बंद, गाडी पहिल्या गिअरमध्ये, समोरचा रस्ता मोकळा पाहून किल्ली फिरवायची. स्टार्टर गाडीला धक्का देत हलवितो आणि इंजिन चालू होते. हे सपाट रस्त्यावर किंवा किंचित उतारावर जमते. चढावर भरलेल्या गाडीने असे केले तर स्टार्टर जळण्याचा धोका आहे. काही नव्या गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरतच नाही. तेथे पायदान दाबून धरावे लागते, मग केबल तुटलेली का असेना. आम्ही कळंबोलीच्या सर्कलवर दोनदा थांबलो आणि दोन्ही वेळा मागच्या हॉर्नवाल्यांची दुवा घेतली.

हा काही त्या ट्रकवाल्याने शोधलेला चमत्कार नव्हता. सिंक्रो असलेला गिअरबॉक्स पहिल्यांदा १९२८ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत आला. त्याआधी बहुतेक गिअरच्या गाड्यांत चालकाला वेग कानाने जुळवावे लागत. आपल्याकडे जुन्या ट्रकांच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रो नव्हता, म्हणून ते चालक डबल क्लच मारीत. एकदा दाबून गिअर काढायचा, सोडून अ‍ॅक्सिलेटर द्यायचा, पुन्हा दाबून गिअर टाकायचा. ज्याच्या पायात अशी उमर गेली त्याला इंजिनाच्या आवाजावरूनच वेग कळतो. अमेरिकेतले मोठ्या ट्रकांचे चालक तर आजही धावत्या गाडीत क्लच न दाबता गिअर बदलतात. पण त्या ट्रकांच्या गिअरबॉक्समध्ये नाजूक पितळी रिंगच नसते, आणि दात त्या हिशोबाने जाड केलेले असतात. त्यांची नक्कल ओम्नीत करणे म्हणजे मलमलच्या सुईने ताडपत्री शिवणे.

माझ्या पुतण्याने नेमके तेच केले. केबल दुसऱ्याच दिवशी बदलली होती, क्लच छान चालत होता. पण हाताला हुनर लागले होते. मित्र शेजारी बसले की डावा पाय मांडी घालून ठेवायचा आणि गिअर बदलून दाखवायचा. मी दोनदा रागावलो, तिसऱ्यांदा गंमत म्हणून सोडून दिले. येथे माझीही चूक आहे. लग्नसराई सुरू होईपर्यंत तिसरा गिअर क्लच दाबूनही कर्रर्र करू लागला. मग तो आपोआप बाहेर उडू लागला. गिअरबॉक्स उतरवून खोलला तेव्हा मिस्त्रीने रिंग माझ्या हातात दिली. आतल्या बारीक रेघा पार पुसल्या गेल्या होत्या, आणि कड्याचे टोकदार दात चिंचोक्यासारखे गुळगुळीत झाले होते. केबलचे पैसे कोणाच्याही खिशात असतात. गिअरबॉक्सचे काम म्हणजे भाग वेगळे, मजुरी वेगळी आणि गाडी चार दिवस गॅरेजात. त्या चार दिवसांत एका लग्नघरचा माल मी भाड्याच्या टेम्पोने पाठविला, आणि तोही एक दिवस उशिरा. ते गिऱ्हाईक नंतर माझ्या दुकानात आले नाही.

आपल्या फिक्हमध्ये मजबुरीची सवलत मजबुरीपुरतीच असते, हे आपण मदरशात शिकलो. तळोज्याच्या रस्त्यावर ती सवलत होती. दुकानासमोर मित्रांना दाखविताना कोणती मजबुरी होती?

काही चालक असा युक्तिवाद करतात की क्लच न दाबल्याने क्लचप्लेट वाचते. हिशोब करून पाहा. क्लचप्लेट ही झिजण्यासाठीच बनविलेली वस्तू आहे, आणि तिची खरी झीज गाडी जागेवरून हलविताना किंवा चढावर अर्ध्या क्लचवर तोलून धरताना होते. धावत्या गाडीत पूर्ण दाबून सोडलेल्या क्लचने ती फारशी झिजत नाही. म्हणजे वाचते थोडे, आणि जाते ते गिअरबॉक्सचे. कंपन्यांनीही क्लच काढून टाकलेला नाही. २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ पायदानाशिवाय आली. तिच्यात क्लच आहेच, फक्त तो पायाऐवजी यंत्र दाबते.

आणि दुसऱ्याची गाडी चालविणाऱ्या बंधूंना एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मालकाची गाडी तुमच्या हातात अमानत आहे. तुमच्या पायाचा आराम आणि मालकाच्या गिअरबॉक्सची झीज हा सौदा मालकाला न विचारता करता येत नाही.

सर्वांत मोठा धोका मात्र पैशाचा नाही. पनवेलहून पुण्याला माल घेऊन जाणारे पुष्कळ आहेत. बोर घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये हवी, म्हणजे इंजिन गाडीला अडविते आणि ब्रेकवर सारा भार येत नाही. तेथे कोणी क्लच न दाबता खालचा गिअर टाकायला गेला आणि ठोका चुकला, तर जुना गिअर निघालेला आणि नवा गेलेला नाही. भरलेली गाडी उतारावर न्यूट्रलमध्ये! प्रत्येक क्षणाला वेग वाढतो, म्हणजे जुळवायचा आकडाही वाढत जातो, आणि ब्रेक तापतात. केबल घाटात तुटली तर गाडी कडेला लावून चाकांना दगड लावा आणि टोइंग बोलवा. माल एक दिवस उशिरा गेला तरी चालेल.

केबल बहुधा सांगूनच तुटते. पायदान जड होते, दाबताना कटकट लागते, गिअर पूर्वीसारखे हलके जात नाहीत, केबलच्या टोकाशी तारेचे एखाद-दुसरे धागे सुटलेले दिसतात. कापडवाल्याला सुटलेला धागा ओळखायला शिकवावे लागत नाही, पण गाडीखाली वाकून पाहतो कोण? ज्या गाड्यांत केबलऐवजी तेलाचा क्लच आहे तेथे पायदान मऊ लागू लागते. तेव्हा पाच-सात वेळा भराभर दाबले तर कधी कधी तात्पुरता जोर येतो. पण पुष्कळ गाड्यांत क्लचचे आणि ब्रेकचे तेल एकाच बाटलीतून जाते. तेल कमी झालेले दिसले तर घरी जायचा विचार सोडा, आधी ब्रेक तपासा.

ओम्नी कंपनीने २०१९ मध्ये बंद केली. माझी त्याआधीच विकली गेली. आता ईको आहे. तिच्या मागच्या कोपऱ्यात पाना, जॅक आणि जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली एक नवी क्लच केबल असते. ती पुतण्यानेच आणून ठेवली आहे.