कोर्लईचें ख्रिस्ती उपासनावर्ष

मांडव्याच्या धक्क्यावर उतरून अलिबाग, चौल, रेवदंडा हीं गांवें मागें टाकलीं, कीं कुंडलिकेच्या मुखापाशीं कोर्लई लागतें. तेथील माउंट कार्मेल मातेच्या चर्चभोंवतीं राहणारी कॅथलिक मंडळी घरांत पोर्तुगीजांतून उपजलेली 'क्रिस्ती' बोली बोलते. १७४० सालीं चौल मराठ्यांकडे आलें, पोर्तुगीज सत्ता गेली. परंतु धर्मानें मंडळीला एकत्र बांधून ठेवलें आणि त्या बंधनांत बोलीही टिकली.

ख्रिस्ती उपासनेचें वर्ष जानेवारींत उघडत नाहीं. नाताळापूर्वींच्या चवथ्या रविवारीं आगमनकाल लागतो, तोच त्याचा आरंभ. नाताळाची तारीख ठाम. ईस्टरचा सण मात्र चंद्रावर अवलंबून असतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा गणितानें काढतात व तिच्या पुढचा रविवार धरतात. त्याआधीं, रविवार वगळून, चाळीस दिवसांचा उपवासकाल. तिथि पाहून सण करणाऱ्या शेजाऱ्यांस ही रीत परकी वाटूं नये. कार्मेल मातेचा सण १६ जुलैला, ऐन पावसाळ्यांत येतो.

कॅथलिक मिस्सा पूर्वीं लॅटिनमध्यें होत असे. १९६२ ते १९६५ या काळांत भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें देशी भाषांस वाट दिली आणि कोर्लईच्या उपासनेंत मराठी आली. प्रार्थना सर्वांस कळूं लागली, हा लाभ मोठाच. पण शाळा, बाजार आणि चर्च या तिन्ही ठिकाणीं मराठी झाल्यावर क्रिस्तीला उरलें तें घरच. सण वर्षाकाठीं एकदां पाळला तरी टिकतो; बोली मात्र रोज बोलावी लागते.