व्यवसायविषयक इंग्रजी शब्दसंपदेचे अध्यापन : झरी जामणी तालुक्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
तेलंगणाच्या सीमेला लागून असलेला झरी जामणी हा यवतमाळ जिल्ह्यातील बहुभाषिक तालुका होय. मराठीबरोबरच कोलामी, गोंडी व तेलुगू या भाषा येथे बोलल्या जातात. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविण्यास प्रारंभ झाला. त्यामुळे आजचा पदवीचा विद्यार्थी किमान बारा वर्षे इंग्रजी शिकून महाविद्यालयात येतो. तथापि मुलाखतीत ‘व्हॉट डझ युवर फादर डू?’ या साध्या प्रश्नाशी तो अडखळतो. प्रस्तुत लेखात या अडचणीची कारणमीमांसा करून काही उपाय सुचविले आहेत.

यादीतील व घरातील व्यवसाय :
व्यवसायांची नावे शिकविताना डॉक्टर, इंजिनिअर, पायलट अशी यादी दिली जाते. विद्यार्थ्याच्या घरातील काम मात्र या यादीत नसते. कापूस, सोयाबीन व तुरीच्या या प्रदेशात शेतकरी, बटाईदार, शेतमजूर व सालगडी हे चार भिन्न दर्जे आहेत. विद्यार्थी या सर्वांसाठी ‘फार्मर’ हा एकच शब्द वापरतो. परिणामी भूमिहीन पित्याचा मुलगा नकळत चुकीची माहिती देतो. कारण दुसरा शब्द त्याला कोणी दिलेलाच नसतो. वास्तविक बटाईदारासाठी ‘शेअरक्रॉपर’ व शेतमजुरासाठी ‘फार्म लेबरर’ हे शब्द उपलब्ध आहेत. सालगड्यासाठी नेमका एक शब्द नसल्याने ‘अ फार्म वर्कर हायर्ड बाय द इयर’ असे वर्णन करावे लागते. असे वर्णन करता येणे हेदेखील शब्दसंपदेचेच अंग होय.

परिचित शब्दांतील धोके :
मुकुटबन येथील सिमेंट कारखाना व वणी परिसरातील कोळसा खाणी यांमुळे फिटर, वेल्डर, ऑपरेटर, सुपरवायझर हे शब्द येथे रूढ आहेत. अध्यापनाचा आरंभ या परिचित शब्दांपासून करता येईल. ‘वेल्ड’पासून ‘वेल्डर’ हा प्रत्ययाचा नियम त्यातून सहज उलगडतो. मात्र स्वयंपाक करणारा ‘कुक’ आणि भांडे ते ‘कुकर’, हा अपवाद आवर्जून सांगावा. ‘कंपाउंडर’ व ‘पिऊन’ हे शब्द आपल्याकडे जसे वापरले जातात, तसे भारताबाहेर सहसा समजले जात नाहीत, याचीही जाणीव करून द्यावी.

शब्दाकडून वाक्याकडे :
केवळ नाम पाठ केल्याने संभाषण साधत नाही. ‘मी शिक्षक आहे’ या मराठी वाक्यात उपपदाला स्थान नाही. म्हणून विद्यार्थी ‘आय ॲम टीचर’ म्हणतो व ‘अ’ गाळतो. ‘जॉब’ गणनीय, तर नोकरी या अर्थी ‘वर्क’ अगणनीय आहे. त्यामुळे ‘अ जॉब’ योग्य, ‘अ वर्क’ अयोग्य ठरते. त्याचप्रमाणे पदासाठी ‘वर्क ॲज’, मालकासाठी ‘वर्क फॉर’ व क्षेत्रासाठी ‘वर्क इन’ हे प्रयोग वाक्यांतूनच शिकवावेत.

समारोप :
प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील व शेजारच्या दहा कामांची नावे स्वतःच्या बोलीत लिहून आणावीत आणि वर्गात प्रत्येकासाठी एक इंग्रजी वाक्य सिद्ध करावे. पालकांच्या श्रमाविषयी इंग्रजीतून अचूक व निःसंकोचपणे बोलता आले, तर विद्यार्थ्याला स्वतःच्या भावी व्यवसायाविषयी बोलणेही कठीण जाणार नाही.