छोटी गाडी, मोठा हिशेब : सुझुकीची आणि आपली गोष्ट

नेदरलँड्सला आलेल्या बहुतेक मराठी कुटुंबांपुढे पहिल्या दोन-चार वर्षांत एक प्रश्न येतोच : गाडी घ्यायची का, आणि घ्यायची तर कोणती? एकट्या नोकरदार माणसाचे सायकल, ट्राम आणि रेल्वे यांवर उत्तम भागते. पण घरात बाळ आले, भारतातून आई-वडील तीन महिन्यांसाठी आले, किंवा कामाचे ठिकाण रेल्वे स्टेशनपासून दूर गेले, की चित्र बदलते. मग शनिवारच्या चहाला चर्चा रंगते. एक जण जर्मन गाडीचे गुण गातो, दुसरा लीजचे फायदे सांगतो. त्यातच भारतातून फोनवर विचारणा होते, "एवढी युरोची नोकरी आणि गाडी एवढीशी?"

आरोग्य आणि अर्थकारणाच्या या पानांवर गाडीचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण घराखालोखाल अनेक कुटुंबांचा मोठा खर्च गाडीवरच होतो, आणि रस्त्यावरची सुरक्षितता हा आरोग्याचाच भाग आहे. २०११ पासून मी सुझुकीच चालवतो आहे : सात वर्षे आल्टो, त्यानंतर स्विफ्ट. शिवाय या गाडीशी आपले नाते इथे येण्याच्या बरेच आधीपासूनचे आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

मागावरून मोटारीकडे

सुझुकीची सुरुवात मोटारीने झाली नाही, ती झाली हातमागाने! जपानमधील हामामात्सु या गावी मिचिओ सुझुकी यांनी १९०९ साली माग बनवण्याचा कारखाना काढला. इचलकरंजी किंवा सोलापूरच्या वाचकांना मागाची खडखड सांगायला नको. पहिली काही दशके हा कारखाना मागांवरच चालला. दुसऱ्या महायुद्धानंतर कापड धंद्याला उतरती कळा लागली, तेव्हा कंपनीने १९५२ मध्ये सायकलला बसवायचे छोटे इंजिन बाजारात आणले. १९५५ मध्ये 'सुझुलाइट' ही पहिली छोटी मोटार आली.

पुढे कंपनीला आकार दिला तो ओसामु सुझुकी यांनी. जन्माने ते मात्सुदा. सुझुकी घराण्यात त्यांचे लग्न झाले आणि जपानी रिवाजाप्रमाणे त्यांनी सासरचे आडनाव घेतले. १९७८ मध्ये ते अध्यक्ष झाले. दुसऱ्याच वर्षी 'आल्टो' आली ती ४ लाख ७० हजार येन या तेव्हाच्या मानाने फारच कमी किमतीला. त्यामागे एक युक्ती होती. जपानमध्ये प्रवासी मोटारींवर जो कर होता तो मालवाहू गाड्यांवर नव्हता, म्हणून ही आल्टो कागदोपत्री मालवाहू गाडी म्हणून विकली गेली. स्वस्त गाडी म्हणजे निकृष्ट गाडी असे नव्हे, तर अनावश्यक ते काढून टाकलेली गाडी, हा त्यांचा विचार. कंपनीचे ब्रीदच असे : लहान, कमी, हलके, आखूड, सुबक. यातला 'हलके' हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. इथल्या कराच्या हिशेबात तो पुन्हा येणार आहे.

आपल्या दारातली मारुती

१९८० च्या आसपास आपल्याकडे गाडी म्हणजे अॅम्बॅसेडर नाहीतर मुंबईत कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी. नोंदणी करायची आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. भारत सरकारने १९८१ मध्ये मारुती उद्योग ही कंपनी स्थापन केली आणि १९८२ मध्ये सुझुकीशी करार केला. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते ग्राहकाला मिळाली. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे ते इंजिन थंडीतही सकाळी पहिल्या फटक्यात चालू व्हायचे, याचेच तेव्हा कौतुक! शिक्षक, बँकेतले कारकून, डॉक्टर अशा मध्यमवर्गीय घरांत गाडी आली ती या छोट्या मारुतीमुळे. पुण्याहून कोकणात आजोळी जाताना मागच्या सीटवर चार जण, मांडीवर पाचवा आणि टपावर ट्रंक, ही आठवण अनेकांची असेल.

ओसामु सुझुकी २५ डिसेंबर २०२४ रोजी ९४ व्या वर्षी निवर्तले. भारत सरकारने २००७ मध्ये त्यांना पद्मभूषण दिले होते आणि २०२५ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केले.

गुडगावहून हॉलंडला

आता गंमत अशी, की इथल्या रस्त्यांवर धावलेल्या कितीतरी आल्टो भारतात बनलेल्या आहेत. १९९० च्या दशकात युरोपात विकली गेलेली आल्टो म्हणजे आपली मारुती झेन. त्यानंतरची आल्टोही भारतातून आली. आणि २००९ पासून मिळू लागलेली, गोल डोळ्यांची आल्टो म्हणजे भारतातली 'ए-स्टार'. ती हरियाणात मानेसरला बनायची आणि गुजरातमधील मुंद्रा बंदरातून जहाजाने निघायची. निसानची 'पिक्सो' ही तिचीच जुळी बहीण, तीही मानेसरचीच. स्विफ्टची गोष्ट वेगळी. माझी स्विफ्ट हंगेरीतील एस्टरगोम या गावची आहे. तिथला सुझुकीचा कारखाना १९९२ पासून गाड्या बनवतो.

माझ्या आल्टोची कागदपत्रे पाहून शेजारच्या डच आजोबांनी विचारले होते, "ही गाडी तुमच्या देशातली?" मी हो म्हटले, तेव्हा त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, दारे उघडून-मिटून पाहिली आणि "नीट बनवली आहे" एवढेच म्हणाले. डच माणसाकडून याहून अधिक स्तुतीची अपेक्षा कोणी करू नये!

कर वजनावर असतो

नेदरलँड्समध्ये गाडीची किंमत हा खर्चाचा एक भाग झाला. त्यावर नव्या गाडीला बीपीएम, आणि पुढे जन्मभर वाहनकर, ज्याला सगळे 'वेखनबेलास्टिंग' म्हणतात. हा कर गाडीचे वजन, इंधन आणि आपला प्रांत यांवर ठरतो. वजनाचे टप्पे शंभर-शंभर किलोचे आहेत. म्हणजे हामामात्सुच्या त्या 'हलके' शब्दाचे पैसे इथे दर तिमाहीला वाचतात.

२०१० पासून तर सरकारने फार कमी धूर सोडणाऱ्या गाड्यांना बीपीएम आणि वाहनकर दोन्ही माफ केले. पेट्रोलच्या गाडीला मर्यादा होती किलोमीटरला ११० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची. आल्टो १०३ ग्रॅममध्ये बसत होती. त्या काळात आपल्या ओळखीच्या कितीतरी घरांत आल्टो, आयगो किंवा तत्सम गाडी आली. पण १ जानेवारी २०१४ पासून ही माफी बंद झाली आणि आम्हा सर्वांना कराची पत्रे आली. ज्यांनी गाडी मुळातच गरजेपुरती घेतली होती, त्यांना फारसा फटका बसला नाही, कारण हलक्या गाडीचा कर थोडाच. इलेक्ट्रिक गाड्यांचेही तसेच झाले : २०२४ अखेरपर्यंत वाहनकर पूर्ण माफ होता, २०२५ पासून तो सुरू झाला. तेव्हा सवलत हा बोनस समजावा, केवळ तिच्या भरवशावर गाडी घेऊ नये.

मालकांचे अनुभव

माझ्या आल्टोची खर्चाची वही मी सात वर्षे ठेवली. कंपनीचा आकडा शंभर किलोमीटरला ४.४ लिटर, मला सरासरी पाच-सव्वापाच लिटर लागले. हिवाळ्यात आणि शहरात अधिक, लांबच्या रस्त्यावर कमी. इंजिनात पट्ट्याऐवजी साखळी असल्याने ठरावीक किलोमीटरनंतर पट्टा बदलण्याचा मोठा खर्च नव्हता. टायर छोटे, म्हणून स्वस्त. एकदा मात्र एका गॅरेजने एपीके तपासणीच्या वेळी न विचारता ब्रेकच्या डिस्क बदलून बिल हातात ठेवले. तेव्हापासून मी 'आधी फोन, मग काम' हे कागदावर लिहून घेतो.

उणिवाही सांगायला हव्यात. सामानाची जागा अवघी १२९ लिटर. शिपोलवर आई-वडिलांना आणायला गेलो तर एक सुटकेस मागे आणि दुसरी मागच्या सीटवर. मागच्या खिडक्या खाली होत नाहीत, फक्त किंचित बाहेर उघडतात, याबद्दल आईची तक्रार शेवटपर्यंत राहिली. आफस्लाउटडाइकवर वारा सुटला की हलकी गाडी बाजूला ढकलली जाते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावे लागते.

आल्मेऱ्यातील एका स्नेह्यांनी अशीच आल्टो जुनी घेतली. त्यांचा अनुभव : इंजिन उत्तम, पण हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने खालचा पत्रा गंजला होता आणि विकणाऱ्याने तो काळा रंग मारून झाकला होता. डेन हागच्या एका ताईंनी मात्र अशाच छोट्या गाडीवर दहा वर्षे काढली. कर्ज नाही, हप्ता नाही. त्या बचतीतून त्यांनी मुलीच्या शिक्षणाची बरीच सोय केली. नातेवाइकांच्या टोमण्यांवर त्यांचे उत्तर ठरलेले असे : "गाडी मला पोचवते, मी गाडीला पोसत नाही."

स्वस्ताई कुठे थांबवायची?

इथपर्यंत वाचून छोट्या गाडीची जाहिरात वाटेल, म्हणून दुसरी बाजू. २००९ च्या युरो एनकॅप चाचणीत आल्टोला पाचपैकी तीनच तारे मिळाले. २०१० मध्ये स्विफ्टला पाच मिळाले. पण २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतात विकली जाणारी, एअरबॅग नसलेली स्विफ्ट तपासली, तेव्हा तिला मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. नाव तेच, चेहरा तोच, आणि आतला माणूसही तोच. फरक होता तो कायद्याचा आणि ग्राहकाने काय मागितले त्याचा. पुढे चित्र सुधारले : २०२४ मध्ये नव्या डिझायरला त्याच संस्थेने पाच तारे दिले. त्याच वर्षी युरोपातील नव्या स्विफ्टला मात्र अधिक कडक झालेल्या चाचणीत तीनच मिळाले. म्हणून तारे पाहताना चाचणीचे वर्षही पाहावे.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाच्या छोट्या गाडीला महामार्गावर मागून धडक बसली. गाडी भंगारात गेली. तीन वर्षांचा मुलगा मात्र मान्यताप्राप्त खुर्चीत नीट बांधलेला होता, त्याला खरचटलेही नाही. इथे १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना अशी खुर्ची सक्तीची आहे. गाडीत वाचवलेल्या पैशांतला पहिला वाटा या खुर्चीचा. आणि भारतात सुटीवर गेल्यावर मूल मांडीवर घेण्याची जुनी सवय पुन्हा जागी होते, तीही मोडायला हवी.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी

१) गाडीचा नंबर आरडीडब्ल्यूच्या संकेतस्थळावर घालून पाहावा. एपीकेची मुदत, किलोमीटरच्या नोंदी सुसंगत आहेत की नाहीत, आणि कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावलेली गाडी दुरुस्त झाली का, हे तिथे फुकट कळते.

२) पेट्रोलच्या गाडीला आठ वर्षांनंतर एपीके दरवर्षी करावी लागते. तो खर्च धरूनच किंमत ठरवावी.

३) गाडी उचलून खालचा पत्रा पाहावा. नवा काळा रंग दिसला तर दोनदा विचार करावा.

४) विम्यासाठी 'स्खाडेफ्रेये यारेन', म्हणजे नुकसानभरपाई न मागता गेलेली वर्षे, महत्त्वाची. भारतातील विमा कंपनीचे तसे पत्र असेल तर विचारून पाहावे. मानणे न मानणे त्यांच्याकडे. जुन्या स्वस्त गाडीला पूर्ण विमा परवडतो का, हेही तपासावे.

५) स्थिरता राखणारी ईएसपी यंत्रणा आणि बाजूच्या एअरबॅग आहेत का, हे त्या विशिष्ट गाडीत पाहावे. एकाच मॉडेलच्या स्वस्त प्रकारात त्या नसू शकतात.

युरोपातून आल्टो गेली, तिच्या जागी आलेली सेलेरिओही गेली. सुझुकीची नवी इलेक्ट्रिक 'ई-व्हिटारा' मात्र पुन्हा भारतातूनच, गुजरातमधील हंसलपूरहून, २०२५ पासून युरोपकडे निघाली आहे. ती ना लहान आहे ना हलकी. ती घ्यावी की न घ्यावी, याचे उत्तर बोधचिन्हाकडे पाहून मिळणार नाही. एक वही घ्या. किंमत, कर, विमा, इंधन, दुरुस्ती, पार्किंग आणि चार वर्षांनंतर विकताना येणारी रक्कम अशा ओळी मांडा. शेजारी सुरक्षिततेचे तारे लिहा. ज्या गाडीची बेरीज झेपते आणि जिच्यात मुलांना बसवताना मन शांत राहते, ती गाडी आपली, मग ती कितीही छोटी असो.

सर्वांचा प्रवास सुखाचा होवो!