मोमिनाबादची छावणी आणि नगरचे रणगाडे

बीड ते अहिल्यानगर रेल्वेगाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, सुरू झाली. आष्टी-पाटोद्याकडची माणसं नगरला पूर्वीपासून जात आली आहेत, ती दवाखान्यासाठी, कॉलेजसाठी, बाजारहाटासाठी. सोलापूर रस्त्यावर, फराहबागेजवळ लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे. त्यासाठी मुद्दाम अर्धा दिवस काढणारे मात्र थोडे. बीडकरांनी तो जरूर काढावा. तिथल्या लोखंडात आपल्या जिल्ह्याचाही इतिहास आहे.

रणगाडा दलाच्या जवानांना घडवणारं ‘आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल’ नगरला आहे. त्याच संस्थेनं फेब्रुवारी १९९४ मध्ये हे संग्रहालय उभारलं. सुमारे पन्नास गाड्या इथं मांडल्या आहेत. सुरुवातीच्या काळातली रोल्स-रॉईसची चिलखती मोटार आहे, ब्रिटिशांचे माटिल्डा, व्हॅलेंटाइन आणि चर्चिल आहेत, तमिळनाडूतल्या आवडी इथल्या आपल्या कारखान्यात तयार झालेला विजयंता आहे. लोक सगळ्यात जास्त फोटो काढतात ते अजस्र गाड्यांपुढे. मला मात्र जपानी ‘हा-गो’पुढून लवकर हलवेना. जेमतेम साडेसात टनांचा, तीन माणसांचा हा गाडा आणि त्याचं सर्वात जाड चिलखत अवघं १२ मिलिमीटरचं. चर्चिलच्या नंतरच्या नमुन्यात तेच समोरून १५२ मिलिमीटर झालं. पत्र्याच्या त्या पेटीत बसून लढायला गेलेली पोरं कोण असतील, हा विचार शत्रू-मित्र न पाहता मनात येतोच.

आता बीडकडून या संग्रहालयाकडे पाहू. अंबाजोगाईचं निजामी अमदानीतलं नाव मोमिनाबाद. तिथं हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या घोडदळाची छावणी होती. या कंटिंजंटच्या रिसाल्यांतूनच पुढे ‘डेक्कन हॉर्स’ ही पलटण आली. १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वूड या जंगलाजवळ विसाव्या डेक्कन हॉर्सनं भाले सरसावून घोडे घातले. मशीनगनच्या माऱ्यापुढे घोड्यांचं काय होणार होतं? दोनच महिन्यांनी, १५ सप्टेंबरला, याच सोमच्या आघाडीवर जगात पहिल्यांदा रणगाडे लढाईत उतरले आणि त्यातले चार त्याच हाय वूडवर चालून गेले. घोड्याचं युग संपून यंत्राचं कसं सुरू झालं, हे एका जंगलाच्या तुकड्यावर दिसून आलं.

डेक्कन हॉर्सनंही पुढे घोडे सोडले आणि शर्मन रणगाडे घेतले. १९४५ मध्ये ब्रह्मदेशात मेकटिलाच्या लढाईत ती होती आणि सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात असल उत्तरलाही होती. तिथं समोर पाकिस्तानचे अमेरिकन पॅटन होते, ९० मिलिमीटरच्या तोफेचे, आपल्या शर्मनांहून कितीतरी सरस. आपल्या सैन्यानं घोड्याच्या नालाच्या आकारात मोर्चे बांधले, शेतांत पाणी सोडलं आणि रणगाडे उभ्या उसात दडवले. पॅटन चिखलात रुतले आणि बाजूनं टिपले गेले. उभ्या उसात दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, हे ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. पाकिस्तानकडून जिंकलेला पॅटन या संग्रहालयात आहे. त्याच्याजवळ उभं राहून नालाच्या आकाराच्या मोर्च्याची ही गोष्ट मुलांना सांगावी, त्यांना ती लगेच कळते.

१९४८ चं प्रकरण आणखी जवळचं. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं. मुख्य धडक मेजर जनरल जयंतनाथ चौधरींच्या चिलखती डिव्हिजनची, सोलापूरकडून. दुसरीकडे औरंगाबाद-जालन्याच्या बाजूनं आलेल्या फौजेला मोमिनाबादेत निजामाचे गोळकोंडा लान्सर्स आडवे आले, पण थोड्याच वेळात त्यांनी शस्त्रं खाली ठेवली. ज्या अंबाजोगाईत मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थांनी योगेश्वरी शाळा सांभाळली होती, तिथली निजामी सत्ता अशी संपली. त्या आधी रझाकारांच्या दहशतीत लोकांनी काय सोसलं ते मराठवाड्यातल्या घराघरात सांगितलं जातं. कारवाईनंतर निरपराध मुस्लीम कुटुंबांवर जे ओढवलं ते सहसा सांगितलं जात नाही. त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या सुंदरलाल समितीनं सर्वाधिक झळ पोचलेले म्हणून जे आठ जिल्हे नोंदवले त्यात बीडही होता. रणगाड्याशेजारच्या पाटीवर त्याचं वजन असतं, तोफ असते. या गोष्टी तिथं मावत नाहीत. त्या आपल्या आपण बरोबर न्याव्या लागतात.

संग्रहालयाच्या स्मृतिदालनात रणगाडा दलाच्या वीरांची चित्रं आणि छायाचित्रं आहेत. या दलाचं नाव निघालं की लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांचं नाव येतंच, आणि त्यांच्याशी आपलं एक नातं आहे. ते निजामाच्या फौजेतले अधिकारी. शिकाऊ जवानानं फेकलेला हातबॉम्ब चुकून जवळच पडला, तेव्हा त्यांनी झेप घेऊन तो बाहेर भिरकावला आणि छातीत तुकडे झेलले. निजामाचे सेनापती एल एद्रूस यांनी शाबासकीसाठी बोलावून घेतलं, तर चिलखती रिसाल्यात बदली मागितली. त्याच एल एद्रूसनी १९४८ मध्ये चौधरींपुढे शरणागती दिली. विलीनीकरणानंतर तारापोर पूना हॉर्समध्ये आले. १९६५ च्या युद्धात चौधरी लष्करप्रमुख होते आणि तारापोर सियालकोट आघाडीवर पूना हॉर्सचे प्रमुख. ११ सप्टेंबरला फिल्लोराच्या लढाईत जखमी झाले, पण मागे जायला तयार झाले नाहीत. १६ सप्टेंबरला धारातीर्थी पडले. त्यांच्या पलटणीनं सुमारे साठ शत्रू रणगाडे निकामी केले, स्वतःचे नऊ गमावले, असं परमवीर चक्राच्या सन्मानपत्रात नमूद आहे.

याच पलटणीचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत, एकविसाव्या वर्षी, शहीद झाले. रणगाडा पेटला होता, तो सोडण्याचा हुकूम आला होता. तोफ चालते आहे म्हणून त्यांनी सोडला नाही. ‘फामागुस्ता’ नावाचा तो सेंच्युरियन रणगाडा नगरच्याच प्रशिक्षण केंद्रात जपून ठेवला आहे.